फुलांच्या शेडमधली अळी

दसरा जवळ आला की आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. भांडण नसतं, सवड नसते. अमरावतीच्या बाहेरच्या अंगाला आमचं झेंडूचं वावर आहे, आणि झेंडूवाल्यांचं खरं वर्ष नवमीच्या दुपारी सुरू होऊन दसऱ्याच्या सकाळी संपतं. दिवाळीला थोडंफार पुन्हा चालतं. पण दसऱ्याला जे फूल विकलं गेलं नाही, ते संध्याकाळी उकिरड्यावर दिसतं. नेमक्या अशा दिवसांत आमच्या शेडमधले कॉम्प्युटर बसले आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे पाहायचं कारण इतकंच, की मी अकोल्याची. अकोल्यात माझ्या धाकट्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाआधी मी त्या दुकानात बसायची, स्क्रू उघडायची, गिऱ्हाइकांशी भांडायची. शिकले बऱ्यापैकी. सासरी आल्यावर कोणाचा मोबाइल पाण्यात पडला तरी माझ्याच हातात आणून द्यायचे, आणि मी कितीही चिडचिड केली तरी उपयोग व्हायचा नाही.

शेड म्हणजे आमच्या भागातल्या फुलं-भाजीवाल्यांनी मिळून उभी केलेली विक्रीची जागा. पूर्वी सगळा माल अडत्याकडे जायचा. वजन तो सांगेल ते, भाव तो म्हणेल तो. हिशेबाची पट्टी मिळालीच तर घरच्या पुरुषाच्या नावाची. माझ्या सासूबाईंचा जन्म त्यात गेला. शेड झाली तेव्हा त्या दारोदार हिंडल्या आणि प्रत्येक बाईला एकच सांगत सुटल्या, "पट्टीवर तुहं नाव येईन. तुह्या नवऱ्याचं नाई, तुहं." बाया आल्या त्या सासूबाईंच्या शब्दावर. कॉम्प्युटरवर कोणाचाच विश्वास नव्हता, माझा तर मुळीच नव्हता, कारण ते एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेले होते.

व्यवस्था सोपी होती. शेडमध्ये ओळीने काटे, प्रत्येक काट्याशेजारी एक कॉम्प्युटर. माल काट्यावर चढला की वजन आपोआप कॉम्प्युटरात जायचं. व्यापारी बोली लावायचे, शेवटचा भाव काट्यावरची बाई टाकायची. तिथून वायरीने सगळं ऑफिसातल्या मुख्य कॉम्प्युटरला पोचायचं, जिथे मी बसायची, आणि पट्टी छापून निघायची. काट्यावर बसायची पाळी सगळ्या बायांमध्ये फिरती होती. एखादी लग्नाला गेली तर दुसरी तिच्या जागी बसे. म्हणून सगळ्या कॉम्प्युटरांना एकच पासवर्ड होता आणि तो शेडमधल्या झाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ होता. सासूबाईंना त्याचा अभिमान होता. आपल्याच माणसांना कुलूप लावायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

घट बसले आणि माळांसाठी रोज थोडं थोडं फूल येऊ लागलं. तेव्हाच कुरकुर सुरू झाली. काट्यावर वजन व्हायचं, पण आकडा ऑफिसात पोचायचाच नाही. कॉम्प्युटर नुसता घरघरायचा. पट्टी येई तेव्हा बाई घरी गेलेली असे. मग काट्यावरच्या बाया वजन खडूने क्रेटवर लिहू लागल्या, क्रेट इकडचे तिकडे झाले आणि एकीचं वजन दुसरीच्या नावावर छापून आलं. असं एकदा नाही, बरेचदा झालं. पहिल्या काट्याची पट्टी मात्र बरोबर निघत होती, कारण तो काटा ऑफिसच्या दाराशी होता आणि थेट मुख्य कॉम्प्युटरलाच जोडलेला होता. मधे वायरीचा प्रवास नव्हता. आणि पाळी कोणाचीही असो, पहिल्या काट्यावर देखरेखीला नेहमी माझ्या सासूबाई उभ्या असत.

पुढचं सांगायला नको. "हिची सून कॉम्प्युटरवर बसते, अन् हिच्याच काट्याची पट्टी बरोबर निंगते," असं एक बाई पाण्याच्या टाकीपाशी म्हणाली. ती आमच्या वावराला लागूनच वावर असलेली, सासूबाईंच्या बरोबरीची. तिचंच वजन दुसरीकडे गेलं होतं, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता. मी तिथेच नळावर बादली भरत होते. बादली तशीच टाकून मी भांडायला निघाले, तर सासूबाईंनी माझा दंड धरला.

त्याच दिवशी अध्यक्षकाका ऑफिसात आले. तेही फुलंच पिकवणारे, सावकाश बोलणारे. "वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले, "बाया नाराज हाये. दसऱ्याले पट्ट्या बरोबर निंगाल्या नाई, त दिवायीपासून माल पुन्हा अडत्याकडं नेतो म्हनतात. मी कोनाले अडवू नाई शकत."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "किती दिवस लागतीन तुले?"

"आई, अजून नेमकं झालं काय तेच समजून नाही राहिलं."

"मंग समजून घे."

मी आधी वायरीच बदलल्या, कारण शेडमध्ये उंदीर आहेत आणि उंदरांवर माझा राग आहे. काही फरक पडला नाही. मग दुसऱ्या काट्याचा कॉम्प्युटर सोडवून ऑफिसात आणला आणि पूर्ण साफ केला. छान चालला. नेऊन पुन्हा जोडला, आणि चहा होईपर्यंत तो पहिल्यासारखाच घरघरू लागला. मग तिसरा साफ केला. तोवर दुसरा बिघडलेला होताच, तिसराही बिघडला. असं मी डोकं फिरेपर्यंत केलं. एका गोष्टीने मात्र मला सावध केलं. मुख्य कॉम्प्युटरवर इंटरनेट होतं. त्यावर गाणी चालत होती, भजनं चालत होती, बातम्या उघडत होत्या. व्हायरस मारायच्या औषधाची साइट मात्र एकही उघडत नव्हती. कोणीतरी मुद्दाम ती दारं लावून घेतल्यासारखं होतं ते.

मी भावाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, थो साधा व्हायरस नाई. वर्म हाये. तू एकेक साफ करून राहिली म्हून थो तुह्यावर हसून राहिला."

त्याने समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. व्हायरस एखाद्या फाइलला चिकटून बसतो. ती फाइल कोणी उघडली तरच तो पुढे जातो. वर्मला कोणाची गरज नसते. एका कॉम्प्युटरात शिरला की तो वायरीवरून शेजारच्यांची दारं ठोठावत सुटतो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये बनवणाऱ्यांकडूनच राहून गेलेली एखादी फट असते, तिच्यातून तो घुसतो. त्या फटीवरची दुरुस्ती कंपनीने केव्हाच पाठवलेली असते, पण आमच्यासारख्यांनी ती लावलेली नसते. फट नसेल तर तो नेहमीचे पासवर्ड एकापाठोपाठ एक लावून पाहतो, आणि आमचा तर एकच होता. सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली फोल्डरं दिसली की तिथे स्वतःची प्रत ठेवतो. पेन ड्राइव्ह लावला की त्यात जाऊन बसतो. ठरावीक वेळाने स्वतःला पुन्हा जागं करायचं कामही कॉम्प्युटरलाच लावून ठेवतो. आणि हे दार ठोठावणं इतकं अखंड चालतं, की वायरीवर दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. आमची वजनं तिथेच अडकत होती.

"तो आला कुठून?" मी विचारलं.

"थे सोड. काढाचं कसं थे पाय."

कुठून आला ते आम्हाला आजपर्यंत कळलं नाही. शेडमध्ये प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव तयार होतं.

औषध आमच्या नेटवरून उतरवता येत नव्हतं. मोबाइलवरून उतरवून पेन ड्राइव्हमध्ये घालायचं म्हटलं, तर शेडमधला प्रत्येक पेन ड्राइव्ह संशयित. तेव्हा मी सकाळची एसटी धरून अकोल्याला गेले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तिथे झेंडूच्या ढिगाचा वास खिडकीतून आत आला, आणि मला उगाचच धडकी भरली. सगळ्यांचं फूल तयार होत होतं, आणि मी एसटीत बसले होते.

भावाने दुकानात माझ्यासाठी पेन ड्राइव्ह तयार करून ठेवले होते. त्यांच्या अंगावर एक बारकं बटण होतं. ते सरकवलं की पेन ड्राइव्हमधून वाचता येतं, पण त्यात काही लिहिता येत नाही, म्हणजे वर्मला त्यात शिरता येत नाही. एकात औषध, दुसऱ्यात त्या फटीवरची दुरुस्ती. त्याने मला समोर बसवून सगळं माझ्याकडून वदवून घेतलं, मी मोठी असून. सगळ्यांची वायर एकदम काढायची. एकही जोडलेला ठेवायचा नाही. प्रत्येक कॉम्प्युटर त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून नाही, ह्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा, म्हणजे आतला वर्म जागाच होत नाही. मग झाडून काढायचा. त्याने लावून ठेवलेली जागं करायची कामं शोधून पुसायची. दुरुस्ती लावायची. उघडी फोल्डरं बंद करायची, पासवर्ड बदलायचे, सगळ्यांचे वेगळे. आणि सगळे झाल्यावरच पुन्हा जोडायला सुरुवात करायची, तीही एकेक करून, प्रत्येकानंतर थोडं थांबून.

"एक बी राह्यला ना ताई," तो म्हणाला, "त तुही सारी मेहनत पान्यात."

संध्याकाळी शेडमध्ये सगळ्यांना बसवून मी सांगितलं, की अष्टमीला दिवसभर सगळे काटे एकदम बंद ठेवावे लागतील. तुम्ही कल्पना करा. अष्टमीच्या पूजेच्या माळा, नवमीची तयारी, आणि ही बया म्हणते काटे बंद. ओरडा झाला. एकेक काटा बंद कर, बाकीचे चालू ठेव, असं प्रत्येकीचं म्हणणं. मी वर्म, नेटवर्क असले शब्द काढले आणि माझं आणखीच वाटोळं झालं. टाकीपाशी बोललेली ती बाई म्हणाली, "आता काटा बी बंद, म्हंजे तोललंच नाई पाहिजे कोनी!"

तेव्हा सासूबाई उठल्या. "मागच्या साली अळी पडली तवा तू फवारलं होतं का नाई?" त्यांनी तिला विचारलं.

"फवारलं."

"मी नाई फवारलं. मले ताप होता. मंग काय झालं?"

"तुह्या वावरातून माह्या वावरात आली पुन्हा."

"हे बी थेच हाये. साऱ्याईनं एकाच दिवशी फवारा लागते."

त्या दिवसापासून शेडमध्ये त्या वर्मचं नाव अळी पडलं ते कायमचं. मी मात्र मनातून जरा खट्टू झाले. एवढी अकोल्याला जाऊन आले, आणि मला हे सुचलं नव्हतं.

पण खरी अडचण पासवर्डची होती. काटे बंद ठेवायला बाया कबूल झाल्या. कुलूप लावायला होईनात. आधीच आमच्या घरावर संशय, त्यात मीच प्रत्येक कॉम्प्युटरला नवा पासवर्ड लावणार आणि तो माझ्याकडे राहणार. "आमच्यावर भरोसा नाई काय?" असं त्या मला विचारत होत्या, आणि त्यांचा माझ्यावर भरोसा नव्हता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. सासूबाईंचा चेहरा पडला होता. ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान, तीच मोडायला मी सांगत होते. मी म्हटलं, ठीक आहे, पासवर्ड मी लावणारच नाही. ज्या काट्यावर ज्या बाया बसतात, त्यांनी आपला शब्द आपसांत ठरवायचा आणि स्वतःच्या हाताने टाकायचा. मी तोंड फिरवून उभी राहीन. घरच्या कोणाचं नाव नको आणि थोडा लांब हवा, एवढंच माझं म्हणणं. मला तो कळायची गरज नाही.

हे बायांनी मानलं. आपल्या काट्यासाठी शब्द निवडायला त्या टाकीपाशीच्या बाईने सगळ्यात जास्त वेळ घेतला.

अष्टमी तशीच गेली. शेडमध्ये सगळ्या वायरी काढून टाकल्या आणि मी एकेक कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरू करत गेले. औषध प्रत्येकात किती प्रती सापडल्या ते दाखवायचं, आणि बाया मागे उभ्या राहून पाहायच्या. अळी दिसत कशी नाही, म्हणून त्यांची निराशा झाली. काट्यांवरच्या दोन सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरांना दुरुस्ती बसेचना. त्यांच्यात ती मावत नव्हती. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "बाकी सारे साफ असतीन त त्याईले भेव नाई. कोनी ठोठावनारंच नाई त दार उघडं असलं तरी काय?" हे मला पटलं. सगळं झाल्यावर एकेक जोडला, थांबले, पुढचा जोडला. मी स्वतःचाच क्रेट तोलून पाहिला. पट्टी सरसर बाहेर आली. अध्यक्षकाकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि खिशात ठेवली.

नवमीला पहाटेपासून आम्ही सगळे वावरात फूल तोडत होतो. सासूबाई मात्र आधी शेडवर गेल्या, खंडेनवमीची पूजा त्यांच्याकडे असते. उन्हं चढल्यावर मी शेडवर पोचले. दारात आंब्याच्या पानांचं तोरण, बाया हळदीकुंकवाने माखलेल्या, आणि ते दोन जुने कॉम्प्युटर घरघर करत होते.

मला रडू फुटायच्या आधी राग आला. मी ऑफिसात जाऊन सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यासमोर बसले. त्याला स्विच म्हणतात. प्रत्येक वायरीला एक हिरवा दिवा असतो, आणि वायरीवरून काही गेलं की तो लुकलुकतो. मी ओरडून सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले. एकेक दिवा विझत गेला. सगळे बंद झाल्याचं बायांनी सांगितलं, आणि तरीही एक दिवा वेड लागल्यासारखा लुकलुकत होता.

मी ती वायर हाताने धरून चालू लागले. ऑफिसातून ती भिंतीच्या कडेने, क्रेटच्या ढिगामागून, सामानाच्या खोलीत जात होती. खोलीत पाटावर स्वच्छ कापड अंथरलं होतं. त्यावर विळे, खुरपी, फवारणीचा पंप, जुन्या तराजूची वजनं. आणि मधोमध शेडचा सगळ्यात पहिला कॉम्प्युटर, गळ्यात झेंडूची जाड माळ, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक. तो चालू होता.

सासूबाई समोर बसून निरांजन सारखं करत होत्या.

"आई, हा कुठून आला?"

"कोठून म्हंजे? इथंच त असते. दर साली पूजेत असते."

"चालू का केला?"

"बंद वस्तूची पूजा करतेत काय? पंप बी चालू करून पायला." मग त्या जरा आनंदाने म्हणाल्या, "वायर लावल्याबिगर पट्टीचं पान उघडत नोहोतं. म्या लावली."

मागून काट्यावरच्या एका बाईने सांगितलं, की कॉम्प्युटर बिघडू लागले तेव्हा पहिल्या गोंधळात हा जुना एक दिवस जोडून पाहिला होता. तोही चालेना म्हणून पुन्हा झाकून ठेवला. म्हणजे अळी त्याच्यात तेव्हाच शिरली होती. अष्टमीला मी सगळे कॉम्प्युटर आणा म्हटलं, तेव्हा हा कोणी आणला नाही. मी विचारलं, का नाही आणला? सासूबाईंना माझा प्रश्नच समजला नाही. "थो कामातला कोठी हाये? थो पूजेसाठी काढून ठेवला होता." पूजेसाठी काढलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही, आणि म्हणून ती कोणी मोजतही नाही. अकोल्याच्या दुकानात हे शिकवत नाहीत.

"आई, ह्याची वायर आत्ताच काढावी लागते. अळी ह्याच्यातच आहे."

"पूजेतली वस्तू उद्या हालते."

"उद्या दसरा आहे."

बाहेर पहिल्या गाड्या येऊन लागल्याचे आवाज येत होते. बाया दारात गोळा झाल्या होत्या, त्यात ती टाकीपाशीचीही होती. सासूबाई त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. "माही पहिली पट्टी ह्याच्यातून निंगाली," त्या म्हणाल्या. "माह्या नावाची. तवा म्या ह्याले हात जोडले होते."

मला खोटं बोलता आलं असतं. आज वायर काढली असती तर आजचं भागलं असतं. पण पुढच्या खंडेनवमीला पुन्हा कोणीतरी वायर लावेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी सांगून टाकलं, की हा इतका जुना आहे, की ह्याच्यावर ते औषधही चालत नाही, ह्याला मुळापासून पुसावं लागेल, आणि पुसला की त्या पहिल्या हंगामातल्या पट्ट्याही जातील. त्याच्याशिवाय त्या दुसरीकडे कुठे नव्हत्या.

सासूबाईंनी वाटीतल्या चिमूटभर अक्षता घेतल्या, कॉम्प्युटरवर टाकल्या आणि त्याला दोन्ही हातांनी थोडं हलवलं. घरी गणपती हलवतात तसं. मग मागे हात घालून वायर स्वतःच ओढून काढली.

"पूस," त्या म्हणाल्या.

मी तिथेच पाटाशेजारी बसून पुसला. मग ते दोन जुने पुन्हा साफ केले. दुपारचा लिलाव सुरू व्हायच्या आत ते जोडून झाले, आणि स्विचवरचे दिवे शहाण्यासारखे लुकलुकू लागले. त्यानंतर काटे थांबले नाहीत. गाड्यांमागून गाड्या, ओरडा, बोली, आणि प्रत्येक बाईच्या हातात तिथल्या तिथे पट्टी. सासूबाई काट्याकाट्यावर फिरत होत्या. पट्टी वाचून पाहा, आपलंच वजन आहे का पाहा, असं प्रत्येकीला सांगत होत्या. मीही त्यांच्याबरोबर उभी. आमचं अर्धं वावर तोडायचं राहिलंय, ह्याकडे आमच्यातल्या कोणाचंच लक्ष गेलं नाही.

ते फूल आम्ही दसऱ्याच्या सकाळी तोडलं. शेडवर पोचलो तोवर बाजार उतरला होता. मोठे व्यापारी निघून गेले होते. उरलेले दोघेतिघे पडेल भावात मागत होते. सासूबाईंचे क्रेट सगळ्यात शेवटी काट्यावर चढले, आणि नेमक्या त्या टाकीपाशीच्या बाईच्या काट्यावर, कारण तोच रिकामा होता. बोली लागली ती दोन दिवसांतली सगळ्यात कमी.

अध्यक्षकाका पुढे आले. "वहिनी, तुमचं फूल कालच्या भावात टाकू. कोनी काई म्हननार नाई. तुमच्यापायीच त शेड राह्यली."

आजूबाजूच्या बायांनी माना डोलावल्या. मला स्वतःला ते योग्यच वाटलं. त्या फुलामागे आमचा पावसाळा गेला होता.

"बोली लागली थेच टाक," सासूबाई काट्यावरच्या बाईला म्हणाल्या.

तिने आपला शब्द टाकून कॉम्प्युटर उघडला. मी सवयीने तोंड फिरवलं. तिने भाव टाकला. पट्टी निघाली. सासूबाईंनी ती घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि तिच्याचपुढे केली. त्या बाईने नाव वाचलं, वजन वाचलं, भाव वाचला. मग पुन्हा एकदा भाव वाचला. पट्टी परत देताना ती सासूबाईंकडे पाहत नव्हती.

"दिवायीचं माहं फूल इथंच येईन," ती म्हणाली. "पहिलाच काटा पाहिजे असं नाई. कोन्ताबी चालन."

सासूबाईंनी पट्टीची घडी करून ती कमरेला खोचली. मला हुंदका आला, तो दाबायला मी झाडणाऱ्यावर खेकसले, की काट्यावर पाकळ्या पडल्यात, त्या कोण उचलणार?